परक्या लिपीतले पाच शब्द

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी शिक्षिकांना एक अनोळखी लिपी वाचायला देते. ती मीच घरी बसून तयार केली आहे. एक गोल, एक त्रिकोण, एक आडवी काठी, दोन टिंबं, एक फुली, एक अर्धगोल, अशी एकूण सहा चिन्हं. कागद वाटते आणि काहीच न सांगता म्हणते, वाचा. बायका एकमेकींकडे बघतात, हसतात. मग मी फळ्यावर एक शब्द लिहून त्याचा उच्चार सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेते, जसं वर्गात घेतात, आणि पुसून टाकते. थोड्या वेळाने तोच शब्द पुन्हा लिहिला की निम्म्या जणींना तो ओळखता येत नाही. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या बायका पहिलीतल्या मुलीसारख्या खाली मान घालतात. त्यानंतर मी एकेक चिन्ह घेऊन त्याचा आवाज सांगते, दोन आवाज जोडून दाखवते, तिसरा जोडून दाखवते, आणि अर्ध्या तासाने दुसरा कागद देते. त्यावर पाच शब्द असतात. आता बहुतेकींना ते वाचता येतात. शिकवण्याच्या दोन रीतींमध्ये काय फरक आहे हे मग मला फारसं बोलून सांगावं लागत नाही.

तीन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात लकडगंजकडच्या एका शाळेत असं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, दोन कूलर, आणि पहिलीच्या शिक्षिका व अंगणवाडी सेविका मिळून चाळीसएक जणी. शेवटच्या रांगेत एक अंगणवाडीची मदतनीस बसली होती. तिच्या सेविकेच्या घरी लग्न होतं म्हणून तिच्या जागी हिला पाठवलं होतं. तिशी ओलांडलेली, सडपातळ, निळ्या काठाची साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. तिने आल्या आल्या हजेरीच्या कागदावर सही केली आणि पंख्याखालची जागा सोडून भिंतीजवळ जाऊन बसली.

पाच शब्दांचा कागद वाटल्यावर सगळ्यांत आधी तिचा हात वर झाला. मी जवळ गेले. तिने प्रत्येक चिन्हाखाली बोट ठेवत, अगदी हळू आवाजात, पाचही शब्द वाचले. एकदाही अडली नाही. मला आनंद झाला. मी सगळ्यांना सांगितलं की या ताईंनी तुम्हा सगळ्यांच्या आधी वाचलं, टाळ्या वाजवा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती तोंडाला पदर लावून हसली.

जेवणाच्या सुट्टीनंतर आवाज ओळखण्याचा एक खेळ घ्यायचा होता. तो कसा खेळायचा याच्या चार ओळी कागदावर होत्या, साध्या मराठीत. सकाळी तिने इतकं छान वाचलं म्हणून मी तिलाच उभं केलं. ती उठली. कागद दोन्ही हातांत धरून त्याकडे बघत राहिली. मला वाटलं, लाजते आहे. मी म्हटलं, सावकाश वाचा. ती म्हणाली, "चष्मा घरी राहिला." सकाळच्या कागदावरची चिन्हं याहून बारीक होती. मला तेव्हाच कळलं. वाचता न येणारी माणसं काय काय सांगून वेळ मारून नेतात हे मला माहीत आहे. मी म्हटलं, बसा ताई, उन्हामुळे डोळे दुखतात, आणि कागद तिच्या शेजारणीकडे दिला.

साडेचारला सगळ्या पांगल्या. मी तक्ते गुंडाळून जिना उतरत होते. खालच्या वळणावर ती थांबली होती.

"बाई, तुमी मले वळखलं नाही," ती म्हणाली.

प्रशिक्षणात मला सगळ्या मॅडम म्हणतात. बाई म्हणतात ते फक्त जुने विद्यार्थी. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काहीच आठवलं नाही. तिने शाळा सांगितली. नोकरीला लागल्यावर माझी पहिली नेमणूक जिथे झाली ती शाळा, रेल्वे रुळांच्या पलीकडची. पहिलीपासून चौथीपर्यंत ती माझ्याच वर्गात होती. दाराजवळ बसायची. मी म्हटलं, हो, आठवतं ना. तिने मान हलवली.

"नसन आठवत. साठ जण होतो आमी."

मग तिने मला सांगितलं. तिसरीत असताना मी तिच्या आईला शाळेत बोलावलं होतं. आई धान्याच्या गोदामात निवडायचं काम करायची. तशीच कामावरून आली, केसांत भुसा होता. सगळ्या वर्गासमोर मी तिला म्हटलं होतं की हिच्या डोक्यात काही शिरत नाही, उगाच वर्षं घालवू नका, घरातलं काम शिकवा, तेवढं तरी येईल. हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. रस्ता विचारणाऱ्याला आपण पत्ता सांगतो तसं ती सांगत होती. पाचवीला दुसरी शाळा होती, तिथे नाव घातलंच नाही. मदतनिसाच्या जागेवर लागताना सही शिकली, तेवढंच.

मी भलतंच विचारलं. म्हटलं, मग आज सकाळी कसं वाचलंस?

"ते तुमी आज शिकवलं ना," ती म्हणाली.

तिने माझ्या हातातले तक्ते घेतले आणि आम्ही सोबत खाली आलो. फाटकापाशी तिने खरं काम सांगितलं. तिची मुलगी पहिलीत होती. वर्ष संपत आलं होतं. घरी पुस्तक उघडून धडाधड म्हणून दाखवायची, पण शाळेतल्या बाई म्हणत होत्या की हिचं लक्ष नाही.

"पोरगी माह्यासारखी होऊन राहिली, बाई. तुमी आज जे केलं ते तिले करता का?"

मी हो म्हटलं. येत्या रविवारपासून येते म्हटलं.

घरी आल्यावर मी चहा न घेता तशीच बसून राहिले. तिचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. त्या शाळेतली गळकी टाकी आठवली, पत्र्यावर पडणाऱ्या बाभळीच्या शेंगा आठवल्या, पहिल्या रांगेत बसणारी हुशार मुलं नावानिशी आठवली. दाराजवळची मुलगी आठवेना. तिच्या आईला मी जे बोलले तेही आठवेना. पण मी तसं बोललेच नसेन असं काही मला म्हणवेना. ते बोलणं माझंच होतं. त्या काळात मी असंच बोलायची. कोणाकोणाला बोलले असेन, किती जणींच्या आया अशा कामावरून धावत आल्या असतील.

मी वाईट शिक्षिका नव्हते. मुलांना मारत नव्हते, वर्ग बुडवत नव्हते. भिंतीवर बाराखडीचा तक्ता होता, काठी लावून म्हणवून घ्यायची, साठ मुलं एका सुरात म्हणायची, बाहेरून जाणाऱ्याला वर्ग फार चांगला वाटायचा. मग फळ्यावरचं पाटीवर उतरवून घ्यायचं. ज्यांना यायचं त्यांना यायचं. ज्यांना यायचं नाही त्यांच्याबद्दल आम्ही शिक्षक मधल्या सुट्टीत बोलायचो की त्या वस्तीतल्या घरांत वातावरणच नसतं, कोणी बघणारं नसतं. हे आम्हाला खरं वाटायचं. बोलणं जसं आपोआप येतं तसं वाचणं येत नाही, बोललेल्या शब्दातले आवाज आधी कानाला वेगळे ऐकू यावे लागतात, मग थोडी थोडी अक्षरं त्या आवाजांशी बांधून द्यावी लागतात, आणि तेवढ्याच अक्षरांचे शब्द लगेच वाचायला द्यावे लागतात, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कोणीतरी शिकवलं. हे कशावरून सिद्ध झालं, कुठे कुठे तपासलं गेलं, तेही सांगितलं. त्यानंतर मी हेच शिकवत हिंडले. त्या दिवशीही हॉलमध्ये एका ज्येष्ठ शिक्षिकेने विचारलं होतं की मॅडम, जुन्या पद्धतीने आमची मुलं डॉक्टर-इंजिनियर झालीच ना. माझं उत्तर तयार होतं. मी म्हटलं, झाली, पण जी राहिली त्यांचा दोष नव्हता, पद्धतीचा होता. असं मी पुष्कळदा म्हटलं होतं आणि ते म्हणताना मला कधीच काही झालं नव्हतं. शेवटच्या रांगेत बसून ती तेही ऐकत होती.

रविवारी मी गेले. त्यांच्या वस्तीत एक बुद्धविहार आहे. त्याच्या ओसरीवर सकाळी सावली असते, फरशी थंड असते. तिने सतरंजी टाकून ठेवली होती. मुलगी साडेसहा वर्षांची, दोन वेण्या, समोरचा दात पडलेला. तिने माझ्यासमोर मराठीचं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून म्हणू लागली, चालीसकट, योग्य ठिकाणी पान उलटत. मी चित्रावर हात ठेवला आणि खालचा एक शब्द दाखवला. ती गप्प झाली. मग पाटीवर मी 'नग' असं लिहिलं. तिने विचार केला आणि म्हणाली, "नळ, गवत."

अक्षराला आवाज असतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी न म्हणजे नळाचं चित्र आणि ग म्हणजे गवताचं. मी तिच्या आईकडे पाहिलं. ती मेथी निवडत बसली होती आणि निवडायची थांबली होती.

आम्ही आवाजांपासून सुरुवात केली. दोन रविवार पाटीला हात लावला नाही. शब्दातल्या प्रत्येक आवाजाला टाळी वाजवायची, पहिला आवाज सांगायचा, शेवटचा सांगायचा, मधला काढून टाकायचा. मग तीन अक्षरं आणि एक काना. नाक, कान, काम, मका. 'कान' तिने स्वतः जोडून वाचला तेव्हा आधी तिने माझ्या कानाकडे पाहिलं, मग स्वतःच्या कानाला हात लावला. दर आठवड्याला दोन-तीन अक्षरं वाढत गेली. पहिल्या वेलांटीला ती अडली. दिवा लिहिताना वेलांटी द च्या आधी काढतात आणि वाचताना नंतर म्हणतात हे तिला पटेना.

"आधी लिवते त मंग नंतर काहून बोलते?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत हे मला एकाही मुलाने विचारलं नव्हतं. कदाचित कोणी विचारलं असेल आणि मी गप्प बस म्हटलं असेल.

दिवाळीपर्यंत ती छोटी वाक्यं वाचू लागली. वस्तीतली आणखी तीन मुलं येऊन बसायची. शाळेतल्या बाईंनी तिला पुढच्या बाकावर घेतलं.

पावसाळा संपता संपता मी तिच्या आईच्याही हातात पाटी दिली होती. ती आधी नको म्हणाली, मग घेतली. कानाने ती मुलीपेक्षा तल्लख होती. कपाट म्हटलं की क, पा, ट असं क्षणात सुटं करायची. शब्द उलटा म्हणून दाखवायची, मुलं हसायची. पण पाटीवर अक्षर आलं की तिचं सगळं थांबायचं. म लिहिलेला असायचा, मागच्या रविवारी आलेला असायचा, आणि ती त्याकडे बघत राहायची. ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. वरच्या ओठावर घाम यायचा. मुलगी शेजारून हळूच म्हणायची, "म हाये, आई." मी मुलीला गप्प करायची आणि म्हणायची, घाई नाही, सावकाश.

असे दोन-अडीच महिने गेले. मी सगळे उपाय केले. अक्षरं वाळूत काढली, कागदाची कापून हातात दिली, तिच्या रोजच्या शब्दांपासून सुरुवात केली, खिचडी, वजन, हजेरी. एकदा मी तिला ती परकी लिपी पुन्हा दिली. आठ महिन्यांनंतरही तिला सहाच्या सहा चिन्हं आठवत होती. तिने मला नवे शब्द लिहायला लावले आणि भराभर वाचले. मला कळेना की हे येतं तर ते का येत नाही. मी तिला तसं विचारलं. मुलं तेव्हा खेळायला गेली होती.

तिने फरशीवरून हात फिरवला.

"बाई, राग नका मानू," ती म्हणाली. "अक्षर दिसलं का मले तुमचा आवाज ऐकू येते."

मी विचारलं, कोणता आवाज. विचारायला नको होतं.

"तवाचा. तुमी रागावत नव्हत्या. हळूच म्हनत, राहू दे, तुले नाही येनार, बस खाली. रोज. आताही तुमी सावकाश म्हनता, तो आवाज तसाच हाये. ते दुसरं वालं लिवता त तेच्यात तुमचा आवाज नाही येत."

मी तिची माफी मागितली. नीट शब्दांत मागितली, मुलांना आपण मागायला शिकवतो तशी. ती अवघडून गेली. म्हणाली, तुमी कायले असं करता, पोट्टीचं केलं ना तुमी. आणि उठून माझ्यासाठी चहा करायला गेली. मी ओसरीवर एकटी बसले होते. तिला शिकवायला सगळ्यांत नालायक माणूस मी होते आणि आठ महिने मीच येत होते.

त्यानंतर मी रविवारी जाणं बंद केलं. त्या प्रशिक्षणातली एक तरुण शिक्षिका होती, मन लावून शिकलेली, आवाज थोडा घोगरा. तिला मी सगळं सांगितलं आणि माझ्याऐवजी जायला सांगितलं. ती जाऊ लागली. चार रविवारांनंतर तिचा फोन आला की त्यांनी आज 'वजन' वाचलं, मॅडम, एकटीने वाचलं. मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. मला आनंद झाला होता, आणि तो क्षण बघायला मी तिथे असून चालणार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याच शिक्षिकेने कळवलं की वर्ग झाला नाही, त्यांच्या आईला धंतोलीत एका दवाखान्यात भरती केलं आहे. फुप्फुसाचं दुखणं होतं. जन्मभर धान्याची धूळ नाकातोंडात गेलेली, दोन वर्षांपासून दम लागत होता, आता बळावलं होतं.

मी गेले. जावं की नाही याचा दोन दिवस विचार केला आणि गेले. धंतोलीत त्या गल्लीत एकाला लागून एक दवाखाने, बाहेर गावोगावच्या गाड्या, डबे घेऊन बसलेले नातेवाईक. वर गेले तर कॉरिडॉरमध्ये मुलगी दिसली. आता दुसरीत. भिंतीवरच्या पाट्या वाचत चालली होती. 'शांतता राखा' हे तिने दोनदा थांबून वाचलं. पुढच्या पाटीवर 'बाह्यरुग्ण' होतं, तिथे अडली, माझ्याकडे बघून म्हणाली की हे आमचं अजून झालं नाही. मग माझा हात धरून मला आत घेऊन गेली.

खाटेशेजारी तिची आई बसली होती, मांडीवर तपासण्यांची फाइल. तिने मला बसायला स्टूल दिलं. नर्स गोळ्यांची चिठ्ठी ठेवून गेली तर तिने ती मुलीपुढे धरली. मुलगी बोट ठेवून वाचू लागली, सकाळी, संध्याकाळी, जेवणानंतर. ती ऐकत होती आणि गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत ठेवत होती.

म्हातारीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. डोळे मिटलेले होते. लेकीने वाकून सांगितलं की बाई आल्या. तिने डोळे उघडले. मला वाटलं होतं की ओळखणार नाही. तिने लगेच ओळखलं. हात उचलून नमस्कार केला, नळी हलली, लेकीने नीट केली.

"बाई, लय उपकार झाले," ती म्हणाली. मधे मधे थांबत होती. "नात वाचते माही. आता तिले कोनी फसवत नाही."

मी म्हटलं, आजी, ती हुशारच आहे.

"बापावर गेली," म्हातारी म्हणाली आणि लेकीकडे पाहून थोडी हसली. "इच्यावर नाही गेली ते बरं झालं. इचं डोकंच नव्हतं. तुमी तवाच सांगतलं होतं मले. म्याच ऐकलं नाही, चौथीपर्यंत ठेवली."

लेक समोर उभी होती. तिने फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, बस्स. हे तिने घरात आयुष्यभर ऐकलं असेल. स्वयंपाक करताना, लग्न ठरताना, नोकरीला लागताना. मी एका दुपारी बोलले होते आणि ते वाक्य त्या घरात इतकी वर्षं राहत होतं.

मी स्टूल पुढे ओढलं. म्हातारीचा हात हातात घेतला. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, निवडून निवडून.

"आजी, मी तुम्हाला चूक सांगितलं होतं," मी म्हणाले. "तुमच्या मुलीचं डोकं चांगलं होतं. मला शिकवता येत नव्हतं. ही चूक माझी होती, तिची नाही."

म्हातारीने माझ्या हातावर आपला दुसरा हात ठेवला, थोपटल्यासारखं केलं.

"असं म्हनू नये, बाई," ती म्हणाली. "तुमचं मन मोठं हाये."

मी पुन्हा सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईने वळून पाहिलं. मी सांगितलं की आता मी शिक्षकांनाच शिकवते, आणि तेव्हा मला येत नव्हतं ते आता येतं, आणि तेव्हा आलं असतं तर तुमची मुलगी शिकली असती. म्हातारी हो हो म्हणत होती. तिला धाप लागली होती. आपलं दुखणं पाहून कोणी भलं माणूस समजूत घालत असावं, तशा नजरेने ती माझ्याकडे बघत होती. लेकीने हलकेच माझ्या खांद्याला हात लावला. "राहू द्या, बाई," ती म्हणाली. "थकली ते."

त्यानंतर नवव्या दिवशी म्हातारी गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले. घरासमोर छोटा मंडप होता, भन्तेजी येऊन गेले होते, माणसं जेवायला बसत होती. गोदामातल्या कामाच्या बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्यातली एक सांगत होती की एवढ्या वर्षांत हिच्या सुपातून एक खडा सुटला नाही. मी तिथे कोणाच्या ओळखीची नव्हते. मुलगी येऊन माझ्याजवळ बसली. आजीच्या फोटोखाली लिहिलेलं नाव आणि गाव तिने मला वाचून दाखवलं.

मी निघाले तेव्हा तिची आई मागून आली. हातात वाढायचा चमचा तसाच होता. मंडपाच्या दोरीपाशी आम्ही उभ्या राहिलो. तिचे डोळे सुजले होते. तिने इकडेतिकडे पाहिलं, जवळ कोणी नाही याची खात्री केली.

"बाई, एक विचारू का?"

मी म्हटलं, विचार.

"दवाखान्यात मायले तुमी जे सांगतलं, ते खरं सांगतलं का? का ते बिमार होती, मनाले बरं वाटावं म्हनून बोलल्या?"

मी म्हटलं, खरं सांगितलं. अगदी खरं.

तिने काही वेळ माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं अजून काही विचारेल. मी आणखी बोलणार होते, ती परकी लिपी, तिने सगळ्यांच्या आधी वाचलेले शब्द, त्याची आठवण देणार होते. पण माझाच आवाज होता तो, आणि तो मी जितका वापरीन तितकं तिला जड जाईल असं वाटून मी थांबले.

"बरं," ती म्हणाली. आतून कोणीतरी तिला भात वाढायला हाक मारली, तशी ती गेली.

घोगऱ्या आवाजाची शिक्षिका त्यानंतर तीन-चार वेळा जाऊन आली. प्रत्येक वेळी तिला चहा मिळाला, मुलांचा वर्ग झाला, पण आई पाटी घेऊन बसली नाही. घरात आता काम वाढलं, म्हणाली, पोट्टी वाचते तेवढं पुरते. मी त्या शिक्षिकेला म्हटलं की आग्रह करू नको, पण जात राहा. ती अजूनही जाते.